राजाच्या गाडीला कुंड्यांचं पाणी

आजही माझ्यासमोर कुणी बऱ्हाणपूरच्या पाण्याची तारीफ सुरू केली की माझं डोकं फिरतं. बायकोला ते माहीत आहे. ती लगेच पाहुण्याला विचारते, "चहात साखर किती?" आणि विषय बदलते. मेलेल्या माणसाला नावं ठेवायची नाहीत, असं घरात सगळे मला बजावतात. मी ठेवणार. जिवंत होता तेव्हा त्यानं मला तोंड उघडू दिलं नाही, आता तरी उघडू द्या.

मी त्यांचा ड्रायव्हर होतो. त्याआधी माळव्यातल्या एका लहानशा मराठी संस्थानात महाराजांच्या मोटारखान्यात होतो. संस्थान विलीन झालं आणि वाड्यातलं एकेक सामान लिलावात गेलं. बँडची पितळी वाद्यं गेली, तंबू गेले, हत्तीचा हौदा गेला. महाराजांची सफरीची गाडी होती, तीही गेली. लॉरीच्या सांगाड्यावर सागवानी खोली बांधलेली. आत दोन पलंग, घडीचं टेबल, दिवे, दोन पंखे, नोकराला बोलवायची विजेची घंटा आणि टपावर शिकारीचा भलामोठा दिवा. ती गाडी बऱ्हाणपूरच्या एका सुताच्या व्यापाऱ्यानं घेतली, तेच हे माझे मालक. ती चालवता येणारा माणूस मी एकटाच होतो, म्हणून गाडीबरोबर मीही गेलो. टायर, जॅक, हँडल आणि मी.

सिंधीपुऱ्यात त्यांचं घर होतं, शेजारी मोकळं आवार. गाडी आवारात लावून मी खाली उतरलो, तर समोर हे उभे. बुटके, काळी टोपी, पांढरं धोतर, आणि धोतरावर तांदळाच्या दाण्याएवढी भोकं नव्हती अजून, ती पुढे माझ्यासमोर पडली. हातात पितळी पेला.

"पहिले पाणी प्या. बाकी बात नंतर."

उन्हातून आलो होतो. घटाघट प्यालो.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"चांगलं?" त्यांनी मागे वळून घराकडे बघितलं, जशी काही साक्ष काढतात. "चांगलं म्हणून राहिले हे! अहो, कुंड्यांचं पाणी आहे. सातपुड्याच्या पोटातून जमिनीखालून, एका रांगेतल्या विहिरींतून येतं, त्यांना आम्ही कुंड्या म्हणतो. बादशहानं बांधलेलं. दिल्लीत असं पाणी नाही. तुमच्या राजाच्या बापानं पाहिलं नसेल. काय समजले?"

मग मी म्हणालो, "अमृत आहे." तेव्हा कुठे मला चहा मिळाला.

हा त्यांचा सगळ्यांसाठीच नियम. घरी कुणीही येवो, आधी पेला पुढे. पाहुणा प्याला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. नुसता "हं" म्हणणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरे. खंडव्याला गेले तरी सुरई बरोबर. तिथलं पाणी एकदा चूळ भरून थुंकले होते म्हणे, भर बाजारात, यजमानाच्या देखत. जावई बघायचा तर आधी त्याच्या गावची विहीर विचारायची, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "अहो संस्थानी!" म्हणायचे. थट्टेनंच म्हणायचे, पण सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. आणि पालुपद एकच: "राजा गेला. आता राज्य रयतेचं. मी रयत. मग गाडीत कोण बसणार?"

बसायचे, खरंच बसायचे. गाडी कुठे न्यायचीच नाही, नुसती आवारात उभी. संध्याकाळी कोट चढवून, टोपी घालून आत जायचे, दिवे लावायचे, दोन्ही पंखे सोडायचे आणि पलंगावर मांडी घालून वर्तमानपत्र वाचायचे. मध्येच घंटा दाबायचे. मी समोरच्या ओट्यावर बसलेला, चार हातांवर. तरी घंटा.

"बोला मालक."

"काही नाही. वाजते का, ते पाहून राहिलो."

मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, मालक, ही घरातली वीज नव्हे. पलंगाखालच्या बॅटऱ्यांवर चालते हे सगळं. इंजिन फिरलं की डायनामो फिरतो, डायनामो फिरला की बॅटरीत वीज भरते. गाडी उभी ठेवून दिवे जाळले तर आतलं संपणार, भरणार काहीच नाही. हंड्यातून पाणी काढतच राहिलात आणि भरलंच नाही, तर हंडा रिकामा होणार ना? हंड्याचं उदाहरण मुद्दाम दिलं, त्यांना पटावं म्हणून. पटलं. म्हणाले, "बराबर." आणि इंजिन चालू केलं तर दोन मिनिटांत बाहेर आले. "बंद करा हो हे भडभड! पेपर कसा वाचणार माणूस?"

मग तोडगा मीच काढला. रोज दुपारी रिकामी गाडी घेऊन नदीवरच्या राजघाटापर्यंत जायचं आणि यायचं. तेवढ्यात बॅटऱ्या भरायच्या, संध्याकाळी त्यांचा दरबार भरायचा. त्यांच्यासाठी केलं हे मी. आणि ह्याचंच पुढे त्यांनी काय केलं, ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आता पाण्याचं सांगतो.

बॅटरीच्या प्रत्येक कप्प्यात तेजाब असतं. त्यातलं पाणी उन्हानं, वापरानं उडतं, ते वरचेवर भरावं लागतं. आमच्याकडे मोटारखान्यात त्यासाठी दवाखान्यातून पाणी यायचं, वाफ करून थंड केलेलं, निळ्या बाटलीत. मी मालकांना म्हटलं, इथल्या डॉक्टरांकडून तसं पाणी मागवू.

त्यांचा चेहरा असा झाला की मी जणू त्यांच्या ताटात थुंकलो.

"दवाखान्याचं पाणी आजाऱ्याला. माझी गाडी आजारी आहे काय?"

"मालक, बॅटरीला साधं पाणी चालत नाही."

"साधं? कुंड्यांचं पाणी साधं? संस्थानी, तुम्ही परगावचे आहात, म्हणून माफ केलं."

त्या दिवसापासून पाणी भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. दर शनिवारी आंघोळ करून, ओल्या धोतरानं, तांब्याचा लोटा घेऊन यायचे. पलंगाची फळी उचलायची, एकेका कप्प्याचं झाकण काढायचं, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत धार सोडायची. वर एक फूल. तेजाबाचे शिंतोडे धोतरावर उडायचे. पुढच्या धुण्याला तिथे भोक. मालकीणबाई ओरडायच्या, "अहो, नवं धोतर होतं!" ते म्हणायचे, "गाडीचा प्रसाद आहे."

हसू येतं ना ऐकून? मलाही यायचं. सगळी गल्ली हसायची. बरं चाललं होतं. चार-सहा महिन्यांनी दिवे मंदावायला लागले.

मी दोष शोधायला बसलो. आधी बॅटरीची टोकं, त्यांवर हिरवट भुकटी साचली होती, ती गरम पाण्यानं आणि सोड्यानं साफ केली. मग डायनामोचा पट्टा ताणला. डायनामो उघडून आतले कार्बन बदलले. घंटेची वायर एके ठिकाणी उंदरानं कुरतडली होती, ती जोडली. एकेक दिवा काढून बघितला. सगळं ठीक. मग काचेची पिचकारी घेतली. तिच्यानं कप्प्यातलं तेजाब वर ओढायचं, आत एक तरंगती काडी असते. बॅटरी भरलेली असेल तर काडी वर राहते, मेलेली असेल तर बुडते. सगळ्या कप्प्यांत काडी तळाला जाऊन बसली. राजघाटावरून नुकताच आलो होतो, तरी.

"मालक, पाणी बदलून बघू. एकदा."

"पहिले पाणी प्या," ते म्हणाले आणि पेला आणायला आत गेले.

मुंबईहून नव्या बॅटऱ्या मागवल्या. रेल्वेनं आल्या. मी स्टेशनवरून आणल्या, बसवल्या, आणि पहिल्याच शनिवारी लोटा हजर. त्याही मेल्या.

तेवढ्यात त्यांच्या मुलीला सांगून आलं. मुलाकडची मंडळी जळगावकडची, बडी असामी. घर बघून झालं, मुलगी बघून झाली, पाणी पाजून झालं. पाहुणे "वा!" म्हणाले. मालक इतके खूश झाले की म्हणाले, "उद्या राजाच्या गाडीतून असीरगड!"

मी हात जोडले. म्हटलं बॅटऱ्यांत जीव नाही, निदान तिथे पंखे लावू नका. तर ह्या माणसानं असीरगडच्या पायथ्याशी, भर दुपारी, पंखे लावले, आतले दिवे लावले आणि टपावरचा शिकारीचा दिवासुद्धा लावून दाखवला. उन्हात! पाहुण्यांनी दिव्याकडे बघितलं आणि मग सूर्याकडे बघितलं.

परत निघताना गाडी सुरू होईना. मी हँडल मारत राहिलो. तळहाताला फोड आले, फुटले. पण नुसतं हँडल फिरवून काय होणार? ठिणगी पडायलाही बॅटरीत काहीतरी लागतं, आणि इंजिनाच्या बॅटरीलाही मालकांनी तेच पाणी पाजलेलं, उरलंसुरलं पंख्या-दिव्यांनी ओढलेलं. शेवटी एक कापसाचा ट्रक थांबवला. होणारे व्याही, विहीणबाई आणि मालक कापसाच्या गाठोड्यांवर बसून बऱ्हाणपुरात आले. व्याह्यांच्या मिशीत कापूस अडकला होता. उतरताना ते हसत म्हणाले, "राजाची गाडी, पण धक्के प्रजेचे!"

नुसती थट्टा होती हो. लग्न काही मोडलं नाही, पुढे थाटात झालं. पण चौकात लोक जमले होते, ते सगळे हसले. मालक लाल झाले. पानाच्या दुकानाच्या पायरीवर चढले आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्यानं केलं! हा संस्थानी! माझ्या नव्या बॅटऱ्या विकून जुन्या लावतो! रोज दुपारी गाडी घेऊन एकटा कुठे जातो, विचारा त्याला! चोर आहे चोर!"

मी ट्रकच्या मागे उभा होतो, तळहाताला फडकं बांधून. मी म्हणालो, "मालक, काय बोलता हे?" पण माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. ते त्याच चौकात जन्मले होते. मी परगावचा.

ड्रायव्हरला दोनच गोष्टी लागतात, हात आणि नाव. तेव्हा सरकारी बसगाड्या नव्यानं सुरू होत होत्या, माणसं घेत होते. चौकात विचारल्याशिवाय कुणी कुणाला घेत नव्हतं. आणि चौकात आता माझ्याबद्दल एकच उत्तर होतं. किराणावाला मला बघितलं की गल्ल्याचं झाकण लावायचा. समोरच्या घरची बाई मी ओट्यावर बसलो की दोरीवरची लुगडी आत न्यायची. लुगडी! मी लुगडी नेऊन काय करणार होतो?

सोडून जाता आलं असतं. पण गेलो असतो तर लोक म्हणाले असते, पळाला. नाव धुऊन घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं मी ठरवलं. आणि गंमत बघा, त्यांनीही मला काढलं नाही. चोर म्हणून वर कामावर ठेवलं, कारण गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती. पुन्हा नव्या बॅटऱ्या आल्या. ह्या वेळी त्यांनी पलंगाच्या फळीला कडी ठोकली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. शनिवारी किल्ली काढायची, पाणी घालायचं, पुन्हा कुलूप.

मला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, आता मरू देत ह्या बॅटऱ्या.

आणि त्या मेल्या. कुलपात.

त्या दिवशी मी ऐकलं नाही. आवारात उभा राहून म्हणालो, "मालक, किल्ली तुमच्या कमरेला. आता सांगा, चोर कोण?" त्यांनी करगोट्याची किल्ली चाचपली. मी बाजारातून बॅटरी दुरुस्त करणारा कारागीर बोलावला. त्यानं वरचं डांबर वितळवलं आणि आतल्या शिशाच्या पट्ट्या उपसून फरशीवर मांडल्या. पट्ट्यांवर पांढरं जाड पुट बसलेलं, मध्ये मध्ये तांबूस डाग. कारागीर म्हणाला, "पाणी कौनसा डालते, सेठ?"

मालकीणबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान उंच करून बघितलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "अरे, हा तर आपल्या हंड्यातला खार दिसून राहिला. मी चिंचेनं घासते, तोच."

सगळ्या बऱ्हाणपुराच्या हंड्यांना तो पांढरा खार बसतो. प्रत्येक घरातली बाई तो घासते. पोटाला काही करत नाही, पण बॅटरीच्या पट्ट्यांना कोण चिंच लावणार? आणि लोट्याचं तांबं उतरलं होतं ते वेगळंच. मालकांनी पट्टी उचलली, अंगठ्यानं खरवडली, बोट बघितलं. मग घरात गेले. त्या संध्याकाळी गाडीत दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीत बोलावलं. घंटा वाजणार नव्हती, म्हणून हाक मारली. मी आत गेल्यावर दार लावलं आणि पडदे ओढले.

"संस्थानी, माझी भूल झाली. मनावर घेऊ नका." हात जोडले होते. डोळ्यांत पाणी होतं, खोटं सांगत नाही. "तुम्ही चोर नाही. देवाशपथ."

"चोर म्हणालात ते चौकात म्हणालात," मी म्हटलं. "हेही चौकात म्हणा."

"इथे म्हणतो ना. शंभरदा म्हणतो."

"इथे मला माहीतच आहे. चौकाला माहीत नाही."

ते धोतराच्या भोकांवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "तुम्ही चोर नाही म्हटलं, की लोक विचारतील, मग बॅटऱ्या कशानं गेल्या? काय सांगू? आमच्या पाण्यानं? तुमच्या नावापायी मी गावाच्या पाण्याचं नाव घालवू?"

"पाण्याला नोकरी शोधायची नाही, मालक. मला शोधायची आहे."

हे त्यांना लागलं. म्हणाले, "ठीक. उद्या सकाळी. चौकात."

सकाळी कोट घातला, टोपी घातली, मला बरोबर घेऊन निघाले. पानाच्या दुकानाच्या त्याच पायरीवर चढले. लोक जमले. मी खाली उभा. त्यांनी पानवाल्याकडून पेला मागून घेतला, पाणी प्याले, तोंड पुसलं.

"मी गाडी विकून टाकतो," ते म्हणाले. "बस झालं. एका गाडीपायी माणसानं किती सोसायचं?"

आणि खाली उतरायला लागले.

लोक हळहळले. कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्याला ड्रायव्हरनं बुडवलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्या गाडीवर त्या माणसाचा जीव होता, ती विकायला तो तयार झाला, पण चार शब्द बोलायला तयार झाला नाही.

"पुढचं बोला!" मी ओरडलो. "मालक, पुढचं बोला!"

ते आपल्या चपलांकडे बघत होते. मग मीच पायरीवर चढलो आणि जीव खाऊन ओरडलो, "मी चोर नाही! बॅटऱ्या पाण्यानं मेल्या! तुमच्या ह्या कुंड्यांच्या पाण्यानं!"

सगळा चौक माझ्यावर धावून आला. "पाण्याला नावं ठेवतो? आमच्या पाण्याला? तोंड फोड त्याचं!" चोर होतो तेव्हा कुणी अंगाला हात लावला नव्हता, पाण्याला बोललो तर कॉलर धरली. किराणावाला सगळ्यांत पुढे होता. आणि मला सोडवलं कुणी? मालकांनी. माझ्या आणि लोकांच्या मध्ये उभे राहिले, दोन्ही हात पसरून. "सोडा, सोडा! परगावचा आहे, त्याला काय कळतं? माझा माणूस आहे, सोडा!"

माझा माणूस! माझी चामडी वाचवली आणि नाव तिथेच टाकून दिलं.

गाडी एका तंबू-सिनेमावाल्यानं नेली. त्याला मी नको होतो, त्यानं चौकात चौकशी केली होती. मी निघालो. पुढे बसवर लागलो, पण मला कुणी ओळखत नाही अशा जिल्ह्यात जाऊन, आणि तिथेही पहिली दोन वर्षं बऱ्हाणपूरचा कुणी उतारू चढला की मी टोपी डोळ्यांवर ओढायचो.

निघालो त्या दिवशी हे स्टेशनवर आले. वैशाखातलं ऊन. काखेत ओलं फडकं गुंडाळलेली सुरई. डब्याच्या खिडकीतून आत ठेवली.

"पुढचं पाणी खराब आहे," म्हणाले. "हे प्या."

गाडी हलली तरी ते बरोबर चालत होते. मला वाटलं, आता म्हणतील. फलाटावर पुष्कळ लोक होते. ते म्हणाले, "सुरई तिरकी ठेवू नका, सांडेल."

ती सुरई खिडकीतून भिरकावून द्यायची, असं मी पक्कं ठरवलं होतं. पण उन्हाच्या झळा येत होत्या आणि चांदनी स्टेशन येईपर्यंत घशाला कोरड पडली. चांदनीच्या फलाटावर नळ होता, पण त्याला पाणी नव्हतं. मग सुरई तोंडाला लावली. गार होतं, गोड होतं. सगळं प्यालो, तळापर्यंत.

पाणी चांगलंच होतं हो. ते मी कुठल्याही चौकात, कितीही माणसांसमोर उभं राहून सांगेन. मला काही जड नाही.